नवव्या महिन्यातला पेला : आधी विचारा, मग प्या

नववा महिना लागला की गरोदर बाईच्या हातात पेले येऊ लागतात. सासूबाई रात्रीच्या दुधात चमचाभर तूप सोडतात. माहेरून जिऱ्याचा, बडीशेपेचा काढा येतो. शेजारची मावशी एरंडेलाची बाटली घेऊन येते आणि सांगते, "दोन चमचे घे, कळा लवकर सुटतील." आता यात मोबाइलवरून आलेल्या आणखी एका पेल्याची भर पडली आहे. तो म्हणजे रास्पबेरीच्या पानांचा चहा. परदेशातल्या बायका शेवटच्या महिन्यांत तो पितात, त्याने गर्भाशय बळकट होते आणि बाळंतपण सोपे जाते, असे व्हिडिओत सांगतात. मग वस्तीतली एखादी शिकलेली सून विचारते, "ताई, हा मागवू का?"

या पानाकडे असे प्रश्न सतत येतात, म्हणून आमचे मत एकदा स्पष्ट मांडतो. अन्न म्हणून जे आपण रोज खातो-पितो, ते प्रमाणात घ्यायला हरकत नाही. पण कळा आणण्यासाठी म्हणून घरात काहीही घेऊ नये. मग ते एरंडेल असो, काढा असो, गोळी असो की सुई. आणि जे काही घेतले असेल, ते तपासणीच्या वेळी नर्सताईंना न लाजता सांगावे. नर्सताईंनीही ते न रागावता ऐकून घ्यावे. या शेवटच्या वाक्यासाठी आम्हाला आणखी थोडे लिहावे लागणार आहे.

बाया हे का पितात?

उत्तर सोपे आहे. त्यांना सिझरची भीती वाटते, आणि ही भीती उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझरने झाली होती. खासगी दवाखान्यांत हेच प्रमाण ४७.४ टक्के होते, म्हणजे जवळजवळ दोघींतली एक. जिचे हातावर पोट आहे, जी चार घरची धुणीभांडी करते, जी बांधकामावर पाट्या उचलते किंवा कचरा वेचते, तिच्यासाठी सिझर म्हणजे टाके, कर्ज आणि दीड-दोन महिने बुडालेली मजुरी. अशा वेळी कुणी सांगितले की दोन चमचे तेलाने हे सगळे टळेल, तर ती पिणारच. तिला अडाणी म्हणून हसणाऱ्यांनी आधी तिचा हिशोब समजून घ्यावा.

पण हिशोबाला दुसरी बाजूही असते. ज्या वस्तूवर आपण एवढी भिस्त ठेवतो, ती खरोखर ते काम करते का? हे तपासल्याशिवाय मानायचे नाही, ही सवय आपल्या घरांना नवी नाही.

पानांच्या चहाची परीक्षा

रास्पबेरीची पाने गरोदरपणात घेण्याची रीत मुळात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इकडची. तिकडे तो आजीबाईच्या बटव्यातलाच उपाय. आपल्याकडे महाबळेश्वरच्या बाजूला रास्पबेरी पिकते, पण तिच्या पानांचा चहा बाळंतपणासाठी पिण्याची आपल्याकडे रीत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सुईणींनी एक चांगले काम केले. आपल्या परंपरेवर नुसता विश्वास न ठेवता त्यांनी ती मोजून पाहिली. सिडनीच्या एका मोठ्या रुग्णालयात पहिलटकरीण असलेल्या १९२ बायकांचे दोन गट पाडले. एका गटाला ३२व्या आठवड्यापासून कळा सुरू होईपर्यंत रोज १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या. या गोळ्या रास्पबेरीच्या पानांच्या होत्या. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयाचे तोंड उघडण्याचा जो पहिला आणि सर्वांत लांबणारा टप्पा असतो, तो या गोळ्यांनी जराही कमी झाला नाही. जोर देण्याचा दुसरा टप्पा सरासरी साडेनऊ मिनिटांनी कमी भरला आणि चिमट्याने बाळ काढावे लागण्याचे प्रमाण थोडे कमी दिसले. पण इतक्या थोड्या बायकांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. आई किंवा बाळाला काही अपाय झाल्याचे त्या पाहणीत दिसले नाही. तरीही अशा छोट्या पाहणीवरून ही वस्तू सर्वांना सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही.

थोडक्यात काय? फार तर दहा मिनिटांचा फायदा, तोही पक्का नाही. त्यासाठी परदेशी चहाच्या डब्यावर पैसे घालावेत, असे आम्हाला वाटत नाही. तेवढ्या पैशांत महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येतात. शिवाय या पानांत साध्या चहासारखेच तुरट घटक असतात, आणि ते अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत. आपल्या बायकांचे खरे दुखणे तर लोहाचीच कमतरता हे आहे. त्याकडे पुढे येऊ.

एरंडेल : काम करते, म्हणूनच धोका

एरंडेलाची गोष्ट वेगळी. ते निरुपयोगी नाही. त्यातला मुख्य घटक आतड्याला चाळवतो, म्हणून जुलाब होतात. तोच घटक गर्भाशयाच्या स्नायूंनाही आकुंचन पावायला लावतो, हे २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसून आले. म्हणजे आपल्या आज्यांचे निरीक्षण अगदीच खोटे नव्हते.

पण २०१३ साली अशा तीन चाचण्यांचा, एकूण २३३ बायकांचा, एकत्र आढावा घेतला गेला. एरंडेलाने सिझरचे प्रमाण कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. एक गोष्ट मात्र ठळकपणे आढळली : ज्यांनी एरंडेल घेतले, त्या सगळ्यांना मळमळ झाली.

आता आपल्या वस्तीतले चित्र डोळ्यांसमोर आणा. सार्वजनिक संडास दीडशे पावलांवर, तिथे पुढे पाच जणी उभ्या. भरल्या दिवसांची बाई रात्रभर जुलाबांनी हैराण. पोटात अन्न टिकत नाही, अंगातले पाणी कमी झालेले, पायांत गोळे येतात. अशा अवस्थेत कळा सुरू झाल्या तर जोर द्यायला ताकद उरते कुठून? शिवाय जुलाबाचे पोटदुखणे कोणते आणि कळा कोणत्या, हेही तिला कळेनासे होते. जिचे आधी सिझर झाले आहे, तिच्या गर्भाशयावर जुना वण असतो. जोराच्या, बेताल कळांनी तो वण उसवला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. बाळ आडवे किंवा पायाळू असेल, वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर घरात कळा आणणे हा जुगार आहे. दवाखान्यात कळांचे औषध देतात तेव्हा बाळाचे ठोके ऐकणारे कुणीतरी जवळ असते आणि गरज पडली तर ते औषध थांबवता येते. घरी प्यायलेले एरंडेल परत बाहेर काढता येत नाही.

याच कारणाने आणखी एका गोष्टीबद्दल कडक शब्दांत सांगतो. काही वस्त्यांत पदवी नसलेले डॉक्टर घरी येऊन 'कळांची सुई' टोचतात, कुणी मेडिकलमधून गोळी आणून देते. हे कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. याने गर्भाशय फाटू शकते, बाळ पोटातच गुदमरू शकते.

तूप, काढे आणि मुळ्या

तुपाने वाट निसरडी होते, हा समज सर्वत्र आहे. तूप तोंडातून पोटात आणि आतड्यात जाते. बाळाची वाट वेगळी, आतड्याची वाट वेगळी. तेव्हा पिऊन तूप तिथपर्यंत पोहोचत नाही. भाकरीवर चमचाभर तूप खा, अंगाला चांगलेच आहे. पण ज्या घरात तुपाचा डबा उधारीने येतो, त्यांनी तो बाळंतपणाचे औषध समजून आणू नये.

जिरे, बडीशेप, आले स्वयंपाकात असतात तेवढ्या प्रमाणात चालतात. पण ज्येष्ठमध घातलेला काढा रोज पिऊ नये, त्याने रक्तदाब वाढतो. शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. बाळंतकाढा नावाप्रमाणे बाळंतीण झाल्यानंतरचा आहे, आधीचा नाही. आसव आणि अरिष्ट ही आंबवून करतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क असतो. गरोदर बाईने ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

सर्वांत जास्त भीती बिननावाच्या पुड्यांची. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडले. त्या सगळ्यांनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. शिसे आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाते आणि बाळाच्या मेंदूला इजा करते. पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, बनवणाऱ्याचे नाव नाही, तर ती पुडी घरात ठेवूच नका.

खजुराबद्दलही विचारले जाते. जॉर्डनमध्ये शेवटच्या चार आठवड्यांत रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ बायकांची तुलना न खाणाऱ्या ४५ जणींशी केली होती. खाणाऱ्यांत कळा आपोआप सुरू होण्याचे प्रमाण जास्त दिसले. ते निष्कर्ष २०११ साली आले. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून हा पुरावा कच्चाच. पण खजूर हे अन्न आहे. साखरेचा आजार नसेल आणि परवडत असेल तर खा. न खाल्ल्याने काही अडत नाही.

आणि एक उलटी रीत : "जास्त खाऊ नकोस, बाळ मोठे होईल, मग निघणार नाही." हे ऐकून कित्येक बायका शेवटच्या महिन्यांत अर्धपोटी राहतात. नेमक्या याच दिवसांत बाळाचे वजन भरते. पोटभर जेवा.

तारीख म्हणजे शेवटची बस नव्हे

पुष्कळदा हे सगळे उपाय सुरू होतात ते दवाखान्याने दिलेली तारीख उलटली म्हणून. ती तारीख ४० आठवड्यांचा अंदाज असतो. नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका शंभरात पाचच्या आसपास. ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही बाळंतपण होऊ शकते. तारीख उलटली म्हणजे काही बिघडले असे नाही. पण घरी थांबून काढे पिण्याची ती वेळही नाही. कार्ड घेऊन दवाखान्यात जा, बाळाचे ठोके आणि पाणी तपासून घ्या. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा सुरू करून देण्याचा निर्णय तिथे होऊ शकतो.

खरा पेला कोणता?

बाळंतपण सोपे जावे म्हणून जी वस्तू खरोखर उपयोगी पडते, ती फुकट मिळते आणि आपण तिलाच टाळतो. ती म्हणजे लोहाची गोळी. वर सांगितलेल्या सर्वेक्षणातच देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे समजतात, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. बाळंतपणात थोडेफार रक्त सर्वांचेच जाते. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त आहे ती ते सोसते. जिच्या अंगात नाही, तिच्यासाठी तेवढेच जीवघेणे ठरते. जगात बाळंतपणात आया दगावण्याच्या मोठ्या कारणांत रक्तस्राव आहे. त्यावर काढा नाही.

सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ही गोळी मिळते. गरोदरपणात १८० दिवस रोज एक, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. जेवणानंतर घ्या, वर लिंबू पिळलेले पाणी प्या. गोळीच्या आधी-नंतर किमान तासभर चहा नको. आपल्या घरांत चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळण्याची सवय आहे, आणि अशा वेळी गोळीचा बराच भाग वाया जातो. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळे होते, ते रक्त नव्हे, गोळीचा रंग आहे. मळमळत असेल तर गोळी फेकू नका, रात्री झोपताना घेऊन पाहा.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर कुठलाही पेला हातात न घेता थेट दवाखाना गाठा : अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप. १०८ वर फोन करा.

दवाखान्याकडून आपले मागणे

आता नर्सताईंविषयी. बायका घरचे उपाय लपवतात, कारण सांगितले की बोलणी खावी लागतात. "असले काहीतरी पिऊन येता आणि मग आमच्या डोक्यावर बसता." वस्तीचे नाव ऐकून, आडनाव वाचून आवाज बदलतो, हेही अनेकींनी सोसले आहे. जी एकदा अपमान सोसते, ती पुढच्या वेळी शेवटच्या क्षणापर्यंत घरी थांबते आणि घरी थांबलेल्या बाईच्या हाती एरंडेल येतेच. म्हणून आमचे म्हणणे असे की या तेलाच्या बाटलीची जबाबदारी निम्मी घराची, निम्मी दवाखान्याची. प्रसूतिगृहात आदराने वागवले जावे यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रमच सुरू केला आहे. तेव्हा आदर मागणे हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

हक्काच्या आणखी काही गोष्टी पाठ करून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण आणि सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून नेणे आणि परत सोडणे, सारे मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवण मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या बाईला सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा आहे. "तुम्ही बौद्ध, तुम्हाला नाही" असे कुणी म्हटले तर ते चूक आहे. दाखल्याची झेरॉक्स, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड बाळंतपणाच्या पिशवीत आधीच भरून ठेवा.

कामकरी बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळावी, ती देशाच्याच हिताची आहे, ही बाजू बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडली होती. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. आज कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण घरकाम करणाऱ्या, पाट्या उचलणाऱ्या आपल्या बहुसंख्य बायकांना ती मिळत नाही. त्यांना सिझरची एवढी धास्ती वाटते ती टाक्यांपेक्षा बुडणाऱ्या मजुरीमुळे. ही रजा आणि मजुरीची भरपाई असंघटित बाईपर्यंत पोहोचली, तर एरंडेलाची निम्मी बाटली आपोआप बंद होईल, असे आम्हाला वाटते. हा प्रश्न महिला मंडळांनी आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी नगरसेवकापुढे मांडायला हवा.

शेवटी घरच्या मंडळींना एक विनंती. सिझर झाले की कुणीतरी म्हणतेच, "तूप घे म्हटले होते, घेतले नाही," किंवा "सगळे दिवस बसून काढले." असे म्हणू नका. सिझर बाळाच्या ठोक्यांमुळे होते, बाळ आडवे असल्यामुळे होते, रक्तदाबामुळे होते. कधी ते गरज नसताना खासगी दवाखान्याच्या सोयीनेही होते, आणि तेव्हा जाब दवाखान्याला विचारायचा असतो. तिने एखादा पेला नाकारला म्हणून ते झालेले नसते. सासूबाईंनी प्रेमाने दूध द्यावे, नवऱ्याने रोज आठवणीने गोळी हातात द्यावी आणि तपासणीला सोबत जावे. कळा सुरू झाल्या की कुठे जायचे, कोण सोबत येईल, मागे थोरल्या लेकराला कोण सांभाळेल, एवढे आठव्या महिन्यातच ठरवून टाका. मग नवव्या महिन्यात कुणीही कसलाही पेला पुढे केला, तर "आधी नर्सताईंना विचारते" एवढेच म्हणण्याचे बळ त्या बाईला घरातूनच मिळेल.